उन्हात बाया शोधणारी अनसूया

वैशाखातली दुपार होती. गच्चीवर कुरड्या वाळत घातल्या होत्या आणि मी जिन्याच्या सावलीत बसून कावळे हाकत होते, तेवढ्यात खालून तारवाल्याची हाक आली. वर्षानुवर्षं आमच्या गल्लीत येणारा हा माणूस. एरवी कागद हातात देऊन सायकलवर टांग टाकायचा. त्या दिवशी तो थांबला. कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "बाई, बसून वाचा." म्हणजे आत काय आहे ते त्याला ठाऊक होतं. मी बसले नाही. उभ्यानंच वाचलं, आणि इंग्रजी येत असूनही मला ते एकदम कळलं नाही... अनसूया अकोल्यात वारली. त्याच आठवड्यात ती माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून पन्हं पिऊन गेली होती. "अकोल्याला जाऊन येते," म्हणाली. मी म्हटलं, "या उन्हात? अगं, अकोल्यात या दिवसांत माणसं दारं लावून घरात बसतात." पेला खाली ठेवत ती म्हणाली, "ज्यांना दारं आहेत ती बसतात."

हेच तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. मी तिच्या हातात एक कांदा दिला, पदरात ठेव म्हणून, ऊन बाधत नाही म्हणून. तिनं हसून घेतला. डॉक्टर असून घेतला.

अमरावतीत तिला ओळखत नाही असं घर क्वचितच असेल. बायकांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणून निम्म्या गावाची पोरं तिच्या हातावर जन्मली. पण मी तिला त्याच्या फार आधीपासून ओळखत होते. आम्ही एका शाळेत, एका बाकावर. तिचे वडील एका वकिलांकडे कारकून होते. तेराव्या वर्षी तिचं लग्न यवतमाळकडच्या एका घरात झालं आणि दोनेक वर्षांत नवरा तिला माहेरी सोडून गेला, तो न्यायला आलाच नाही. पुढं कळलं, त्यानं दुसरी केली. तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका तिच्या आईला भेटायला यायच्या त्या दुखवट्याला आल्यासारख्या. वडील मात्र एक दिवस म्हणाले, "अनू, शीक." त्या एका शब्दावर ती नागपूरला गेली, डॉक्टर होऊन परत आली. आपल्या नवऱ्याविषयी ती कधी बोलली नाही. एकदाच बोलली, तेही फार वर्षांनी. आम्ही धर्मशाळेवरून चाललो होतो. ओसरीवर आपापली बोचकी उशाशी घेऊन बाया आडव्या झाल्या होत्या. तिकडं बघत ती म्हणाली, "त्या वर्षी माझे बाबा गेले असते ना, तर मी इथं असते. हिच्या आणि तिच्या मधे."

या बायांच्या मागं ती लागली ती एका बाईमुळं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट आहे. धर्मशाळेचा राखणदार दवाखान्यात आला आणि दाराशी उभा राहून सांगू लागला, "बाई, वास त मेल्यावानी येऊन राह्यला, पन ते बाई जिती हाय." अनसूया गेली. ओसरीच्या टोकाला एक बाई पडली होती आणि बाकीच्या बाया तिच्यापासून सरकत सरकत पार नळापर्यंत गेल्या होत्या. गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग. शेवटच्या टप्प्यातला. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. अनसूयानं तिला धुतलं, दुखणं कमी व्हायचं औषध दिलं. मग बोलता बोलता विचारलं की हा त्रास घर सुटल्यावर, उघड्यावर राहून सुरू झाला का. ती बाई म्हणाली, "नाई वो बाई. याच्यापाईच त घर सुटलं."

अनसूया मला सांगताना मधेच थांबली. म्हणाली, "द्वारके, मी उलटं समजत होते. मला वाटायचं, बेघर असतात म्हणून कुणी बघत नाही, म्हणून रोग वाढतो. ते तर आहेच. पण कितीतरी जणींना या रोगानंच घराबाहेर काढलंय. आधी अंगावर जातं, मग कपड्यांना वास, मग सासू म्हणते चुलीकडं येऊ नको, मग नवरा म्हणतो माहेरी जा. माहेरची माणसं चार दिवस ठेवतात..."  

तिनं कुठल्याशा परदेशी डॉक्टरी मासिकात वाचलं होतं की हा रोग दुखायला लागण्याच्या आधी, अगदी कोवळा असताना डोळ्यांनी ओळखता येतो. पिशवीच्या तोंडाला आयोडीन लावायचं. निरोगी जागा काताच्या रंगाची होते, आणि जिथं रोग धरायला लागलाय ती जागा फिकी राहते. फिकी जागा म्हणजे कर्करोगच असं नाही, पण ती दिसली की तिथला कणभर तुकडा काढून मोठ्या गावी तपासायला पाठवायचा. आणि तेव्हा सापडला तर शस्त्रक्रिया करून बाई वाचते. वाचते, हा शब्द ती असा उच्चारायची की जणू तिला कुणी एखादा नवा देव सांगितलाय.

दवाखाना पंचांच्या कमिटीवर चाले. तिनं कमिटीला विचारलं की आठवड्यातली एक सकाळ या बायांसाठी ठेवू द्या. कमिटीतले एक गृहस्थ फार नम्रपणे म्हणाले, "डॉक्टरीणबाई, त्या एकदा त्या बाकावर बसल्या की चांगल्या घरच्या बाया पुन्हा त्या बाकावर बसतील का?" बाकीच्यांनी माना हलवल्या. तेव्हा कापसाची सरकी काढायच्या कारखान्याच्या, जिनच्या, एका मालकाच्या बायकोनं, जिचं अवघड बाळंतपण अनसूयानं निभावून नेलं होतं, नवऱ्यापाशी हट्ट धरून जिनच्या आवारातलं एक गोदाम मिळवून दिलं. हंगाम संपला की ते रिकामंच असे. आम्ही दोघींनी ते झाडलं. कोपऱ्यात साचलेली रुई काढता काढता आमची डोकी पांढरी झाली आणि एकमेकींकडं बघून आम्ही शाळेतल्या पोरींसारख्या हसलो. तिथं वीज नव्हती. उंचावर एक झरोका होता, त्यातून सकाळचं ऊन आत उतरायचं. मी त्या उन्हात आरसा धरायची आणि पडद्याच्या फटीतून तिला हवा तिथं उजेड पाडायची. "जरा डावीकडं... हं, थांब, हलू नको." हे आमचं काम. तोंड दुसरीकडं करून मी उभी राहायची आणि माझा हात भरून यायचा.

पण ते नंतर. आधी कितीतरी दिवस गोदामात आम्ही दोघीच. बाया येईनात. आम्ही देवीच्या देवळासमोर जायचो, धर्मशाळेत जायचो, बडनेऱ्याच्या स्टेशनावर जायचो. एकजण अंगावर धावूनच आली. "कायले तपासता? आमी काय तशा बाया आहो काय?" असली तपासणी म्हणजे पोलिसांनी बाजारातल्या बायांची करायची, एवढंच त्यांना माहीत. दुसरीनं विचारलेलं माझ्या फार ध्यानात राहिलं. "तुमी पाहान, आन सांगान का रोग हाय. मंग? मंग मी कुठी जाऊ?" अनसूया तिला म्हणाली, "मी नेईन तुला." त्या बाईनं आपलं बोचकं जवळ ओढलं. कुणीतरी कुठंतरी नेईन म्हटलेलं तिनं पूर्वीही ऐकलं असावं.

शेवटी एक म्हातारी आत आली, केवळ सावलीला म्हणून. बाहेर जाऊन तिनं सगळ्यांना सांगितलं, "काई करत नाई वो. हत्यार कोमट पान्यात बुडवते आन मंग लावते. बोलते गोड." त्या कोमट पाण्यानं जे केलं ते आमच्या सगळ्या बोलण्यानं केलं नव्हतं. बाया येऊ लागल्या. पण ज्या यायच्या त्या बहुतेक उशिरा आलेल्या. त्रास सोसवेनासा झाला की यायच्या. पडद्यामागून अनसूयाचा आवाज यायचा, ठीक हं, झालं हं, आणि त्या आवाजावरून मला कळायचं की वेळ निघून गेलेली आहे. अशा एकीला रेडियमच्या इलाजासाठी तिनं मुंबईला नेलंही. ती तिथंच गेली. दुसऱ्या दोघी निघायला तयारच झाल्या नाहीत. मरायचंच तर ओळखीच्या ओट्यावर मरू, म्हणाल्या.

आणि मग गिरजा आली.

गिरजा अंजनगाव सुर्जीच्या बाजूची, माळ्याची. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं टाकलेली. देवळासमोरच्या एका फुलवाल्याकडं दिवसभर हार गुंफायची आणि रात्री धर्मशाळेच्या ओसरीवर झोपायची. तिशी-पस्तिशीची असेल. बोलकी, जरा फटकळ. ती तपासायला म्हणून आलीच नव्हती. तिच्या शेजारी झोपणाऱ्या बाईला हात धरून घेऊन आली होती. अनसूयानं तिला म्हटलं, तूही ये. "मले काहून? मले त काई दुखत नाई," असं म्हणत म्हणत ती पडद्याआड गेली. मी आरसा धरला.  मग अनसूया म्हणाली, "द्वारके, उजेड हलवू नकोस."  मला वाटलं, पुन्हा तेच. पण ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. "सापडली," ती माझ्या कानाशी म्हणाली. "फिकी जागा आहे. एवढीशी. हिला अजून काही होत नाहीये. द्वारके, वेळेत सापडली!"

तपासणीला पाठवलेल्या तुकड्यानं तिचंच खरं केलं. रोग होता, आणि कोवळा होता. आता गिरजाला समजवायचं. दुखत नसताना पोट कापून घ्यायचं हे कुणाला पटेल? अनसूया रोज संध्याकाळी देवळासमोर तिच्याजवळ बसायची. गिरजा हार ओवता ओवता ऐकायची. एक दिवस तिनं विचारलं, "नाई कापलं त मी त्या ओसरीवरल्या बाईवानी मरन काय?" अनसूया खोटं बोलत नसे. हो म्हणाली. गिरजानं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "मंग चाला."

आम्ही तिघी गाडीनं एका दूरच्या मोठ्या शहरात गेलो. तिथलं इस्पितळ पाहून गिरजाचे डोळे फिरले. दारातल्या कारकुनानं विचारलं, "पत्ता?" गिरजा म्हणाली, "धर्मशाळेची वसरी." "तो पत्ता नव्हे, बाई." अनसूया म्हणाली, "माझा पत्ता घाला." तिथवर निभावलं. पण सर्जन म्हणाले की गर्भाची पिशवी काढायची तर नवऱ्याची संमती पाहिजे. नवरा हयात आहे, उद्या त्यानं दावा लावला तर? अनसूया त्यांच्याशी वाद घालत राहिली. ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि नाही म्हणाले.

तेव्हा गिरजाला घेऊन आम्ही अमरावतीला परतलो, मग दोघीच सर्विस मोटारीनं अंजनगावला गेलो आणि तिथून दमणीत, हलक्या बैलगाडीत, बसून गिरजाच्या नवऱ्याच्या गावी. तो केळीच्या बागेत पाणी वळवत होता. मला वाटलं होतं, कुणीतरी दांडगा, उर्मट माणूस असेल. साधा माणूस होता. आम्हाला बघून घाबरला. अनसूयानं सगळं समजावून सांगितलं, खर्च नको, जबाबदारी नको, फक्त संमती लिहून दे. त्यानं फावड्यानं माती ओढून सरीचं तोंड बंद केलं. मग हळूच म्हणाला, "बाई, म्या भावकीत सांगतलं हाय का ते मेली म्हनून. या सासऱ्यानं म्हनूनच पोरगी देली मले. आता लिहून देलं त ते जिती होते." आत खोपीपाशी त्याची दुसरी बायको तान्ह्या पोराला घेऊन उभी होती. तिच्याकडं बघून अनसूया माघारी वळली. निघताना त्यानं केळीचा एक फणा आमच्या दमणीत ठेवला. तो आम्हा दोघींपैकी कुणीच खाल्ला नाही. गाडीवानाला दिला.

अनसूयानं मग आणखी दारं ठोठावली. महिने गेले. अखेर दुसऱ्या एका गावचे एक म्हातारे सर्जन म्हणाले, "बाईची स्वतःची संमती मला पुरे. घेऊन या." त्या दिवशी ती दवाखान्यातून तशीच मी शिकवते त्या शाळेत आली, वर्गाच्या दारात उभी राहून तिनं मला खूण केली. मुलींना काम देऊन मी बाहेर आले. धर्मशाळेपर्यंत आम्ही जवळजवळ पळत गेलो. ओसरी रिकामी होती. धुऊन काढलेली, चुना मारलेली, कोपऱ्यात एक चिंधीसुद्धा नाही. कुणी बडे साहेब गावात येणार होते म्हणून रस्ते साफ करायचं चाललं होतं. राखणदार म्हणाला, "परवा लारीत घालून नेल्या साऱ्याजनी. कुठी सोडल्या काय मालूम. गावाबाहेर दूर सोडा, असं बोलून राह्यले होते." अनसूया ओसरीच्या पायरीवर बसली. चुना ओला होता, तिच्या लुगड्याला लागला, तिला कळलं नाही. "रोग सापडतो, द्वारके," ती म्हणाली. "बाई हरवते."

तिथून पुढं तिचा शोध सुरू झाला. सुटीचा दिवस आला की ती बाहेर. मूर्तिजापूर, अचलपूर, दर्यापूर. बहिरमच्या यात्रेत ती थंडीत फुलवाल्यांच्या पालांपालांतून हिंडली. जिथं देऊळ तिथं फुलं, आणि जिथं फुलं तिथं गिरजा असेल असा तिचा हिशेब. लोकांना वाटायचं, डॉक्टरीणबाईंना आताशा देवाचं वेड लागलंय. दरम्यान जिनवाल्याला गोदाम लागलं. दवाखान्याच्या कमिटीनं तिच्या गैरहजेरीबद्दल विचारणा केली. आणि नव्या नव्या बाया तर येतच होत्या, त्या ओसरीवर पुन्हा माणसं झोपू लागलीच होती. तिला दोन-तीन जणींत फिक्या जागा दिसल्या. त्यातली एक हंगाम संपल्यावर खानदेशाकडं निघून गेली, एकीनं दुसऱ्यांदा तोंड दाखवलं नाही. एका संध्याकाळी अनसूया माझ्याकडं आली आणि भिंतीला टेकून बसली. मी म्हटलं, "अनू, तू थकलीस. सोड हे आता." ती म्हणाली, "पूर्वी त्यांना मरताना कळायचं. आता मरायच्या दोन वर्षं आधी कळतं. एवढंच केलं मी. त्यांची झोप काढून घेतली." मी काहीतरी बोलले, माणूस बोलतो तसं. ती ऐकत नव्हती...

या उन्हाळ्यात बडनेऱ्याच्या स्टेशनावर एका बाईनं तिला सांगितलं की हार गुंफणारी गिरजा आपण अकोल्यात पाहिली, मोर्णा नदीच्या काठच्या एका देवळाशी. पण ते दिवाळीत. आता ती तिथं बसत नाही. एवढ्यावर अनसूया अकोल्याला निघाली. पुढचं मला तिथल्या दवाखान्यातल्या माणसांकडून आणि खुद्द गिरजाकडून कळलं.

तिनं गिरजाला शोधून काढलं. नदीच्या कोरड्या पात्रात, पुलाच्या खाली. देवळाशी बसणाऱ्या फुलवाल्यांनीच जागा सांगितली. वासामुळं त्यांनीच तिला उठवलं होतं. भर दुपार झाली होती. अनसूया वर रस्त्यावर आली आणि तिनं टांगा थांबवला. टांगेवाला खाली उतरून पुलाखाली डोकावला, आणि नाही म्हणाला. दुसराही नाही म्हणाला. तिसऱ्यानं घोडा थांबवलाच नाही. तेव्हा भाजी विकून परत निघालेल्या एका माळणीची हातगाडी तिनं मागून घेतली. दोघींनी मिळून गिरजाला वर आणलं, गाडीवर निजवलं, आणि अनसूयानं ती गाडी गावातून दवाखान्यापर्यंत ढकलत नेली. माळीण अर्ध्या वाटेपर्यंत बरोबर होती, मग तिला चक्कर आली आणि ती एका झाडाखाली बसली. अनसूया थांबली नाही. दवाखान्यात पोचल्यावर तिनं गिरजाला खाटेवर घेतलं, स्वतः धुतलं, औषध दिलं, तिथल्या डॉक्टरांशी बोलली. दिवस मावळताना तिचं बोलणं असंबद्ध होऊ लागलं. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. ओल्या चादरी गुंडाळल्या, बर्फ शोधून आणला. पहाटे ती गेली.

मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. या दिवसांत थांबता येत नाही. तिच्या अकोल्यातल्या चुलतभावानं अग्नी दिला होता. मी त्याच्या घरी पाणी प्याले आणि दवाखान्यात गेले. गिरजा शेवटच्या खाटेवर होती, खिडकीशी. तिचे हात तेवढे ओळखू आले. मला बघून म्हणाली, "मास्तरीणबाई."  मग म्हणाली, "मी म्हनत होती त्याइले, बाई, मले सोडून द्या, ऊन लय हाय. त्याइनं आपला पदर मले पांघरला. त्याइचं डोक्सं उघडंच."

राहवलं नाही म्हणून मी विचारलं, "गिरजा, तू अमरावतीला परत का नाही आलीस गं? बाई तुझी वाट बघत होत्या."

"आली होती ना," ती म्हणाली. "चालत आली होती. दवाखान्यात गेली मी. शिपायानं सांगतलं, बाई नाई. मंग पुन्हा गेली. तवाही नाईच. म्हने, बाई कोनाले तरी शोधाले गेल्या, कवा येतीन सांगता येत नाई." तिला बोलताना धाप लागत होती. "कोनाले शोधून राह्यल्या होत्या वो बाई?"

खिडकीबाहेर ऊन पांढरंफेक होतं. मी तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. "होती एक," म्हणाले. मृगाच्या आत गिरजाही गेली.

अमरावतीला अनसूयाची भाड्याची खोली रिकामी करायचं काम माझ्याकडं आलं. सामान ते किती! कपडे, पुस्तकं, एक स्टोव्ह. पण घरमालकांनी पहिल्याच दिवशी मला गाठलं आणि जरा त्रासिक आवाजात सांगितलं की सकाळी सकाळी ओट्यावर बाया येऊन बसतात, त्यांचं काहीतरी करा. मला हे माहीतच नव्हतं. दवाखान्यात जाण्याआधी ती या ओट्यावर बसायची म्हणे, दात घासताना, चहा घेताना, आणि ज्यांना दवाखान्याच्या बाकावर बसता येत नव्हतं त्या इथं येऊन तिच्याशी बोलायच्या. कितीतरी वर्षांचा परिपाठ. गावात तर तिच्या जाण्याची बातमी घरोघर पोचली होती, सभा झाली होती, कमिटीनं दुखवट्याचा ठराव केला होता. पण ठराव आणि बातम्या पत्त्यावर जातात. या बायांना कोण जाऊन सांगणार, आणि कुठं?

म्हणून खोली रिकामी झाली तरी मी रोज सकाळी शाळेच्या आधी तिथं जाते. ओट्यावर बसते. जी येईल तिला सांगते. कुणी रडते, कुणी नुसती मान हलवून उठते. काल एक आली ती दर्यापूरकडची. पायांवर रस्त्याची धूळ, काखेत बोचकं. "डाक्तरीणबाई तुमीच काय?" म्हणाली. मी नाही म्हटलं, आणि सांगितलं. ती ओट्याच्या कडेवर टेकली. मी पाणी दिलं, ते ती वरून, तोंड न लावता प्याली.

"मंग त्याइच्यावानी पाहनारी दुसरी कोनी हाय काय?" तिनं विचारलं.

"नाही."

 तिनं भांडं पालथं घालून ठेवलं, बोचकं उचललं, आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली... कुणीकडं वळावं ते तिला ठरवता येत नव्हतं.